किनाऱ्यावरील जमीन आणि हक्कवाचक शब्द : उंद्री, कोकण व इंडोनेशिया यांचा एक तौलनिक विचार

१. विषयप्रवेश

जमिनीच्या खरेदी-विक्रीचा विचार सामान्यतः अर्थशास्त्रज्ञ किंवा विधिज्ञ करीत असतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात पडावे, हे कित्येकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि जमिनीवरील हक्क ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नव्हे. माती दिसते, माड दिसतात, समुद्र दिसतो. हक्क मात्र शब्दांतच राहतो. तो दस्तात लिहिला जातो, साक्षीदाराच्या तोंडून वदविला जातो आणि गावाच्या स्मरणात जपला जातो. म्हणून एका बोलीच्या प्रदेशातील मनुष्य दुसऱ्या बोलीच्या प्रदेशात जमीन घेऊन राहू लागला, की त्याच्या व्यवहाराचे यशापयश पुष्कळ अंशी शब्दार्थावर अवलंबून राहते.

असे व्यवहार आता विरळ राहिलेले नाहीत. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि २०२१ मध्ये चिपी येथील विमानतळ सुरू झाला. यांमुळे घाटावरील व त्याहूनही दूरच्या जिल्ह्यांतील लोकांची दृष्टी कोकणच्या किनाऱ्याकडे वळली. काहींची दृष्टी आणखी पुढे, बाली व लोंबोक या इंडोनेशियातील बेटांच्या किनारी गावांपर्यंत गेली आहे. घर बांधावे, चार खोल्या पर्यटकांस द्याव्यात, उरलेल्या जागेत बाग करावी आणि उतारवयात तेथेच राहावे, असा या बेतांचा सर्वसाधारण आराखडा असतो.

प्रस्तुत लेखात तुलनेचे एक टोक म्हणून उंद्री हे गाव घेतले आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील हे वऱ्हाडी बोलीचे गाव समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. येथील कास्तकाराच्या मनात जमिनीविषयीच्या शब्दांचे जे अर्थ रुजलेले आहेत, ते घेऊन तो किनाऱ्यावर गेला तर काय घडेल, हा आपला प्रश्न आहे. एक विधान प्रारंभीच मांडतो : शब्द समान असणे हा हक्क समान असल्याचा पुरावा नव्हे, किंबहुना जेथे शब्द ओळखीचा वाटतो, तेथेच अर्थ तपासून घेण्याची गरज अधिक असते. पूर्णपणे अपरिचित शब्दाचा अर्थ माणूस विचारून घेतो. परिचित शब्दाचा अर्थ तो गृहीत धरतो.

२. उंद्रीची शब्दसृष्टी

वऱ्हाडात शेताला ‘वावर’ म्हणतात. दोन वावरांमधील सीमेस पश्चिम महाराष्ट्रात ‘बांध’ म्हणतात. वऱ्हाडात तोच ‘धुरा’ होय. गावाची वस्तीची जागा ती ‘पांढरी’ आणि कसण्याची जमीन ती ‘काळी’. वऱ्हाडी उच्चारात स्वरमध्य ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने हा दुसरा शब्द ‘कायी’ असाही ऐकू येतो. पांढरी व काळी यांचा हा भेद दख्खनच्या पठारावरील गावरचनेचा कणा आहे. घरे एकत्र, शेते त्यांच्या भोवती, आणि शेतांपलीकडे गावाच्या सामाईक वापराची जमीन. या सामाईक चराऊ जमिनीस अन्यत्र ‘गायरान’ किंवा ‘गुरचरण’ म्हणतात. वऱ्हाडात मात्र ‘ई-क्लास’ हा शब्द अशिक्षितांच्याही तोंडी आहे. तो वऱ्हाडच्या जुन्या महसुली वर्गीकरणाचा अवशेष होय. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला, त्यानंतर तेथे रयतवारीच्या धर्तीवर मोजणी व धारापद्धती आली. रोमन लिपीतील एक अक्षर अशा रीतीने वऱ्हाडी बोलीचा घटक होऊन बसले.

रयतवारीच्या या इतिहासाचा अर्थावर झालेला परिणाम असा, की उंद्रीच्या माणसास ‘मालक’ हा शब्द बहुधा एकाच माणसाकडे बोट दाखवणारा वाटतो. वावर अमक्याचे, तो स्वतः वाहील किंवा बटईने देईल, बटईदार पीक वाटून घेईल आणि बाजूस होईल. मालकी, वहिवाट आणि उत्पन्न ही तीन सूत्रे येथे सहसा एकाच हातात एकवटलेली असतात. भांडणे होतात ती प्रायः धुऱ्यावरून व वाटेवरून. ही एकवटलेल्या मालकीची कल्पना घेऊनच आपला मनुष्य घाट उतरतो.

३. कोकणातील शब्द : रूप तेच, अर्थ निराळा

कोकणात उतरताच त्याला पहिला धक्का बसतो तो ‘पांढरी’च्या अभावाचा. कोकणातील गाव बहुधा वाड्यांमध्ये विखुरलेला असतो. ‘वाडी’ हा शब्द वऱ्हाडातही आहे, पण तेथे तो स्वतंत्र छोट्या गावाचा वाचक असतो. कोकणातील वाडी ही गावाचाच एक अवयव असून ती पुष्कळदा एका आडनावाची, कुळीची अथवा जातीची वस्ती असते. म्हणून वाडीत जागा घेणारा मनुष्य एका नात्यागोत्याच्या वर्तुळात जागा घेत असतो. घरामागच्या जागेस ‘परडे’ म्हणतात, भातशेतीच्या लहान तुकड्यास दक्षिण कोकणात ‘कुणगा’ म्हणतात, जांभ्या दगडाच्या कुंपणास ‘गडगा’ म्हणतात आणि वर पसरलेल्या कातळाच्या माळास ‘सडा’ म्हणतात. हे सारे शब्द वऱ्हाडी माणसास नवे असल्याने तो ते विचारून घेतो. धोका आहे तो पुढील शब्दांत.

‘आगर’ हा शब्द घ्या. उंद्रीच्या माणसास आगर म्हणजे एस.टी.च्या गाड्या जेथे मुक्कामी असतात ती जागा. प्रमाण मराठीत कोठार अथवा साठ्याचे ठिकाण असाही त्याचा अर्थ आहे. किनाऱ्यावर मात्र आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. ‘मिठागर’ या सामासिक शब्दात तेच पद मीठ पिकविण्याच्या जागेसाठी येते. ‘राबणे’ म्हणजे कष्ट करणे हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु कोकणात ‘राब’ हे नाम असून, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याकरिता लागणारा पालापाचोळा, कवळ, शेण यांचा थर असा त्याचा अर्थ होतो. हा शब्द ठाऊक नसेल, तर ‘वरकस’ जमिनीचा अर्थही पुरा लागत नाही. वरकस म्हणजे भाताखेरीजची डोंगरउताराची हलकी जमीन. परंतु भातशेतीस लागणारा राब, गवत व लाकूडफाटा याच जमिनीवरून येत असे. वरकस जमीन ‘पडीक’ समजून घेणाऱ्या खरेदीदारास खालच्या कुणग्यांतील शेतकरी तेथे कवळ तोडावयास का येतात, हे समजत नाही. तो त्यांस अतिक्रमक समजतो, आणि ते त्याला अडवणूक करणारा समजतात.

याहूनही महत्त्वाचा शब्द ‘कूळ’ हा होय. संस्कृत ‘कुल’ म्हणजे घराणे. मराठीत त्याचा घराणे हा अर्थ टिकला, आणि त्याजबरोबर दुसऱ्याची जमीन कसणारा हा अर्थही आला. कोकणात हा दुसरा अर्थ इतका प्रबळ का झाला, याचे उत्तर खोती पद्धतीत आहे. रत्नागिरी व कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांत पुष्कळ गावे खोतांकडे होती. खोत हा मुळात गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. कालांतराने तो स्वतःस गावाचा मालक समजू लागला. १८८० च्या खोती अधिनियमाने या नात्यांस कायद्याची चौकट दिली. गावातील जमिनी कोणी ‘धारेकरी’ म्हणून धरीत, काही ‘खोत-खासगी’ असत, काही ‘खोत-निसबत’ असत; आणि कुळाकडून पिकाचा अर्धा भाग घेतला तर तो ‘अर्धेल’, तिसरा भाग घेतला तर ‘तिर्धेल’ म्हटला जाई. एकाच जमिनीवर सरकार, खोत आणि कूळ असे तीन थर एकाच वेळी नांदत होते. या व्यवस्थेविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे शेतकऱ्यांचा संप चालला. कुळांनी जमिनी पडीक ठेविल्या. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष निर्मूलन १९४९ च्या अधिनियमाने झाले, आणि १९४८ च्या कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरून कूळ हे जमिनीचे मालक मानले जाण्याचा मार्ग खुला झाला.

कायदा बदलला; पण शब्द गेला नाही. आजही कोकणात जमीन पाहावयास गेलेल्यास ‘या जमिनीला कूळ आहे काय?’ हा प्रश्न विचारावा लागतो. कुळास कायद्याने मिळालेली जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ या सदरात येते व तिच्या हस्तांतरास निर्बंध असतात. १९५७ नंतर जन्मलेल्या, खोत न पाहिलेल्या माणसाच्या खरेदीखतावर अशा रीतीने एका जुन्या शब्दाची सावली पडते.

४. सात-बारा : एका उताऱ्याचे वाचन

उंद्री व कोकण यांस जोडणारा शब्द ‘सात-बारा’ हा आहे. गाव नमुना सात हा अधिकार-अभिलेख व नमुना बारा ही पिकांची नोंद, असा त्याचा व्युत्पत्त्यर्थ. तथापि लोकव्यवहारात तो मालकीचाच पर्याय झाला आहे. हा अर्थविस्तार फसवा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५७ प्रमाणे ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. याचा अर्थ असा, की ती खोटी ठरू शकते. सात-बारा हा सारावसुलीच्या व्यवस्थेतून जन्मलेला कागद आहे. तो मालकीचे अनुमान देतो, मालकी निर्माण करीत नाही.

येथे ‘शेतकरी’ या शब्दाचीही दखल घेतली पाहिजे. कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार, शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही; विदर्भासाठी असलेल्या १९५८ च्या अधिनियमातही अशीच तरतूद आहे. त्यामुळे व्यवसायवाचक ‘शेतकरी’ हे पद कायद्यात एका दाराची किल्ली झाले आहे. उंद्रीच्या कास्तकाराजवळ ही किल्ली स्वतःच्या सात-बाराच्या रूपाने असते. मुंबईच्या पेढीवाल्याजवळ ती नसते. ज्याच्याजवळ नाही, तो पुष्कळदा दुसऱ्या शेतकऱ्याच्या नावे जमीन घेण्याचा विचार करतो. अशा व्यवहारास ‘बेनामी’ म्हणतात. शब्द फारसी, अर्थ ‘नावावाचून’. परंतु या व्यवहारात नाव असतेच, फक्त ते दुसऱ्याचे असते. १९८८ च्या कायद्याने व त्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने अशी मालमत्ता जप्तीस पात्र ठरविली आहे.

कोकणातील सात-बारा वाचताना वऱ्हाडी वाचकास दुसरे आश्चर्य वाटते ते नावांच्या संख्येचे. पिढ्यान् पिढ्या मुंबईस गेलेल्या भावांची, त्यांच्या मुलांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे एकाखाली एक आलेली असतात व क्षेत्र ‘सामाईक’ असते. गावात राहून बाग राखणारा एकच असतो. बोलणी तोच करतो. परंतु त्याचा शब्द इतरांस बांधीत नाही. मुलींस महाराष्ट्रात १९९४ मध्ये व देशभर २००५ मध्ये वडिलार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध सहदायादत्व मिळाले. तेव्हा ‘बहिणींचे काही नसते’ हे गावातील वाक्य व्यवहारात धोकादायक ठरते. बहिणीने हक्क सोडावयाचा असेल, तर त्यासाठी ‘हक्कसोडपत्र’ नोंदले गेले पाहिजे. या शब्दाची रचनाच सांगते, की सोडण्यापूर्वी हक्क होता.

उताऱ्यावरील ‘इतर हक्क’ हे सदर तर स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. कुळाचे नाव, न्यायालयातील दाव्याची नोंद, विहिरीतील पाण्याचा हिस्सा, झाडांवरील हक्क आणि कर्जाचा ‘बोजा’ हे सर्व तेथे येऊ शकते. बोजा म्हणजे ओझे. जमीन विकली तरी ओझे तिच्या पाठीवरून उतरत नाही. इंडोनेशियाच्या भाषेतही गहाणाच्या हक्कास जो शब्द आहे, ‘हक तांगुंगान’, त्यातील ‘तांगुंग’ या धातूचा अर्थ भार वाहणे असाच आहे. दूरदूरच्या दोन भाषांनी कर्जाकडे ओझे म्हणूनच पाहावे, ही गोष्ट मनोज्ञ आहे.

५. समुद्राची बाजू

किनाऱ्यावरील जमिनीस तीन सीमा शेजाऱ्यांच्या व चौथी समुद्राची असते. आणि ही चौथी सीमा हलती असते. प्रमाण मराठीत आपण आनंदाला ‘उधाण’ आले असे म्हणतो. किनाऱ्यावरील मनुष्यास उधाण ही मोजण्याची गोष्ट आहे : अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती ती उधाणाची, आणि अष्टमीच्या सुमाराची लहान भरती ती ‘भांगाची’. हा भेद खरेदीदारास केवळ माहितीपर नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत जी ‘उच्चतम भरतीरेषा’ धरलेली आहे, ती उधाणाच्या भरतीत पाणी जमिनीवर जेथवर पोहोचते तीच होय. हे नियम प्रथम १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने आले. २०११ व २०१९ मध्ये त्यांची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले आहेत : २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक वस्ती असलेल्या भागात भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि त्याहून विरळ वस्तीच्या भागात २०० मीटर पट्टा ‘ना-विकास क्षेत्र’ असतो. म्हणून शांत, विरळ वस्तीचा किनारा पाहून जमीन घेणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे, की ज्या विरळपणावर त्याचा जीव जडला, तोच बांधकामाची रेषा मागे सारतो.

समुद्राकाठच्या वाळूच्या पट्ट्यास कोकणात ‘पुळण’ म्हणतात. ती कोणाच्याही सात-बारावर नसते, म्हणून नवागतास ती मोकळी वाटते. परंतु मालवणच्या किनाऱ्यावर याच पुळणीवर ‘रापण’ ओढली जाते. रापण हे मोठे जाळे असून ते ओढणारा समुदायही त्याच नावाने ओळखला जातो. मासळीची वाटणी ठरलेल्या वाट्यांनी होते. होड्या ओढून ठेवणे, जाळी वाळविणे, मासळी सुकविणे यांना जागा लागते. त्या जागेवरचा हक्क कागदावर शोधू गेले तर सहसा सापडत नाही; तो ‘वहिवाट’ या एका शब्दात सामावलेला असतो. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम वीस वर्षांच्या शांततापूर्ण व उघड वहिवाटीस हक्काचे रूप देतो खरे, पण ती वहिवाट सिद्ध करण्यासाठी कोणीतरी उभे राहून आपल्या बोलीत ती सांगावी लागते. पर्यटकांच्या खुर्च्या जेथे मांडल्या जातात, तेथे हे सांगणारा समुदाय प्रथम मागे हटतो व नंतर शब्दही मागे पडतो.

खाडीकाठच्या ‘खार’ व ‘खाजण’ जमिनींची गोष्ट अशीच आहे. भरतीचे पाणी बांध घालून अडविल्याने त्या लागवडीस येतात. बांध ही एकट्याची वस्तू नसते. एका ठिकाणी तो फुटला तर सर्वांच्या शेतांत खारे पाणी शिरते. म्हणून १९४८ पासून या जमिनींसाठी स्वतंत्र कायदा होता, व पुढे १९७९ चा खारभूमी विकास अधिनियम आला. उंद्रीत धुरा हा दोघांतील वादाचा विषय असतो. खाजणातील बांध हा सर्वांच्या एकत्र श्रमाचा विषय असतो. येथे ‘बांध’ या शब्दाचा वऱ्हाडी अनुवाद ‘धुरा’ असा केला, तर अनुवादात संपूर्ण संस्थाच हरवते.

बागेच्या गुंतवणुकीसंबंधी एवढेच सांगणे पुरे, की ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड व उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा मोठ्या प्रमाणात झोपविल्या. सोयाबीनचे पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. पोफळ उभी राहण्यास वर्षे जातात. ‘हंगाम’ या शब्दाची लांबी उंद्रीत व श्रीवर्धनात एक नाही.

६. इंडोनेशियातील ओळखीचे शब्द

आता किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. इंडोनेशियाच्या भाषेत संस्कृत व अरबी शब्दांचा भरणा किती आहे, हे गोंडा यांच्या १९५२ च्या ‘इंडोनेशियातील संस्कृत’ या ग्रंथापासून अभ्यासकांस सुपरिचित आहे. व्यवहाराचे शब्द पाहिले तर मराठी माणसास आपण स्वदेशीच आहोत असे वाटेल. किंमत ती ‘हार्गा’ (अर्घ), खर्च तो ‘बियाया’ (व्यय), नफा तो ‘लाबा’ (लाभ), साक्षीदार तो ‘सक्सी’, दंड तो ‘देन्दा’. भांडवलास ‘मोदाल’ म्हणतात. तो तमिळ ‘मुदल्’ या शब्दावरून आला आणि आपला ‘मुद्दल’ त्याच द्राविडी परिवाराशी जोडला जातो. पिकाची वाटणी ती ‘बागी हासिल’. त्यातील ‘हासिल’ म्हणजे आपले ‘हशील’. बटईसारख्या या नात्यावर तेथे १९६० साली स्वतंत्र कायदाही झाला. योगायोग असा, की बाली व लोंबोक येथे जमिनीचा भाव ‘आर’ या मापाने सांगतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरांचा. मापातही घरोबा वाटावा अशी स्थिती आहे.

परंतु याच घरोब्यात फसगत आहे. ‘देसा’ म्हणजे देश नव्हे, गाव. (मराठीतही ‘देश’ म्हणजे राष्ट्र आणि घाटमाथ्यावरील प्रदेश असे दोन अर्थ आहेतच, तिसरा अर्थ जावा-बालीने दिला.) ‘सेवा’ म्हणजे सेवा नव्हे, भाडेपट्टा. ‘गुना’ म्हणजे गुण नव्हे, उपयोग. ‘आदात’ हा अरबी शब्द आपल्याकडे हिंदीच्या द्वारा ‘आदत’ म्हणून सवय या अर्थी येतो. तेथे तो रूढीच्या कायद्याचा वाचक आहे, आणि १९६० च्या मूलभूत भूमी अधिनियमाचे कलम ५ भूमिविषयक कायद्याचा आधार म्हणून त्याचाच उल्लेख करते.

याच अधिनियमाने हक्कांची जी उतरंड रचली तिच्या शिखरावर ‘हक मिलिक’ आहे. हक्क व मिल्क, दोन्ही शब्द अरबी, दोन्ही मराठीत रुळलेले. ‘मिळकत’ हा आपला शब्द ‘मिल्कियत’वरून आला व ‘मिळणे’ या क्रियापदाच्या सान्निध्याने त्यास ‘प्राप्ती’ हाही अर्थ चिकटला. मराठी माणसास वाटते, किंमत मोजली की मिळकत आपली. पण कलम २१ प्रमाणे हक मिलिक फक्त इंडोनेशियाच्या नागरिकास मिळतो. परकीयास मिळू शकतो तो ‘हक पाकाइ’, म्हणजे वापरण्याचा हक्क. २०२१ च्या शासकीय नियमांनुसार त्याची मुदत ३० वर्षे, वाढ २० वर्षे व नूतनीकरण ३० वर्षे अशी आहे. परकीय भांडवलाची कंपनी स्थापिल्यास ‘हक गुना बांगुनान’, म्हणजे इमारतीपुरता उपयोगाचा हक्क, तितक्याच टप्प्यांनी मिळतो. अन्यथा ‘सेवा’, म्हणजे ठरावीक वर्षांचा पट्टा. यांपैकी कोणताही हक्क वारसाहक्काने अनंत काळ चालणारा नाही.

ज्यास मुदत नको असते तो ‘पिंजाम नामा’ करतो. पिंजाम म्हणजे उसने घेणे, नामा म्हणजे नाव. स्थानिक माणसाचे नाव उसने घेऊन हक मिलिक त्याच्या नावे नोंदवावयाचा. आपल्या ‘बेनामी’चे हे सख्खे भावंड असून त्याचे नाव अधिक प्रामाणिक आहे : उसने घेतलेली वस्तू आपली नसते, हे त्या शब्दातच सांगितलेले आहे. कलम २६ तर स्पष्टच म्हणते, की परकीयाकडे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हस्तांतर करणारा व्यवहार रद्द होय, जमीन राज्याकडे जाते, व दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. तेथील खेड्यांत ‘गिरिक’ नावाचा जुना कराचा कागद जमिनीचा पुरावा म्हणून दाखविला जातो. तो सात-बाराचा दूरचा नातलग समजावा : कर कोण भरीत होता हे तो सांगतो, मालक कोण हे सिद्ध करीत नाही. समुद्राची बाजूही तेथे मोकळी नाही. २०१६ च्या अध्यक्षीय नियमानुसार ‘सेम्पादान पांताइ’, म्हणजे किनाऱ्यालगतचा राखीव पट्टा, सर्वोच्च भरतीच्या स्थानापासून किमान १०० मीटर धरला जातो.

७. राहणे या क्रियापदाचा अर्थ

येथवर हक्कांचा विचार झाला. परंतु जमीन घेणे आणि गावात राहणे या दोन भिन्न क्रिया आहेत. सिंधुदुर्गात ग्रामदेवतेभोवती रचलेली ‘गावऱ्हाटी’ अजून पुष्कळ गावांत जिवंत आहे. कोणाची पालखी प्रथम कोठे थांबावी, कौल कोणी लावावा, शिमग्यात कोणता मान कोणाचा, हे ‘मानकरी’ घराण्यांवरून ठरते. येथे ‘मान’ हा शब्द सन्मान एवढ्या मोघम अर्थाचा नाही. तो एक वंशपरंपरागत व मोजता येणारा हक्क आहे, आणि तो खरेदीखताने मिळत नाही. उलट ‘चाकरमानी’ पाहा. तो वर्षाचे अकरा महिने मुंबईत राहतो, त्याचे घर कुलूपबंद असते, तरी गणपतीत व शिमग्यात तो गावचाच असतो. बाराही महिने गावात राहणारा खरेदीदार मात्र ‘बाहेरचा’ असतो. वास्तव्याच्या दिवसांची मोजणी गावपणाचे माप ठरत नाही.

बालीत हाच भेद लिखित स्वरूपात आढळतो. तेथे शासकीय गाव वेगळे व ‘देसा आदात’ वेगळे. देसा आदातचे स्वतःचे नियम ‘अविग-अविग’ या नावाने असतात, व त्याच्या पोटात ‘बांजार’ ही शेजाराची संस्था कार्य करते. प्रांताच्या २०१९ च्या विनियमात गावात राहणाऱ्यांचे वर्ग सांगितले आहेत. परक्या माणसास तेथे ‘तामियू’, म्हणजे पाहुणा, म्हटले आहे. पाहुण्यासही कर्तव्ये असतात, मात्र अधिकार मर्यादित असतात. आपल्या कोकणात जे सौजन्यामुळे तोंडावर बोलले जात नाही, ते बालीने परिभाषेत बसविले, एवढाच फरक. ज्यास किनाऱ्यावर केवळ पैसा ठेवावयाचा नसून आयुष्य घालवावयाचे आहे, त्याने आपण कोणत्या शब्दाने ओळखले जाणार आहोत, हे आधी विचारून घेणे इष्ट.

८. निष्कर्ष

‘गुंतवणूक’ हा मराठी शब्द ‘गुंतणे’ या क्रियापदापासून झाला आहे. इंडोनेशियाच्या भाषेत त्याच अर्थी ‘पेनानामान मोदाल’, शब्दशः भांडवलाची लावणी, असे म्हणतात. २००७ च्या तेथील गुंतवणूक कायद्याचे नावही तेच आहे. एक भाषा पैसा पेरते, दुसरी तो गुंतविते. किनाऱ्यावरील जमिनीस दोन्ही रूपके लागू पडतात. परंतु आपल्या शब्दात एक सूचना अधिक आहे. किनाऱ्यावर जो पैसा घालतो, तो अगोदरच गुंतलेल्या धाग्यांत स्वतःचा एक धागा घालतो. कूळ, सामाईक हिस्सेदार, बहीण, रापणकर, राबासाठी येणारा शेतकरी, बांध राखणारा शेजारी, पालखीचा मानकरी, हे धागे त्याच्या आधीचे असतात. यांपैकी काही उताऱ्यावर दिसतात, काही केवळ बोलीत ऐकू येतात. उंद्रीच्या कास्तकाराने ‘मालक कोण?’ एवढाच प्रश्न विचारला तर त्यास खरे उत्तर मिळूनही ते अपुरे असेल. ‘कसतो कोण, तोडतो कोण, ओढतो कोण, वाट कोणाची आणि मान कोणाचा?’ असे पाच प्रश्न त्याने गावच्याच शब्दांत विचारले पाहिजेत.

यातून आपल्या विभागाकडे एक काम येते. डॉ. अ. मा. घाटगे यांनी विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मराठी बोलींच्या पाहणीचा जो पाया घातला, तो मुख्यतः ध्वनी, रूप व वाक्यरचना यांचा होता. हक्कवाचक शब्दांचा प्रादेशिक कोश करण्याचे कार्य त्या पायावर उभारता येईल. त्याची निकड अशासाठी, की अभिलेख जसजसे एकसारखे होत जातात, तसतसे स्थानिक शब्द त्यांतून गळत जातात. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा घरबसल्या मिळू लागला, ही सोय निःसंशय मोठी आहे. परंतु त्याच्या ठरावीक सदरांत कवळ तोडण्याचा किंवा पुळणीवर जाळे वाळविण्याचा रकाना नाही. जमिनी हातोहात बदलत असताना हे शब्द सांगणारी पिढी गेली, तर तो हक्क होता असे न्यायालयात म्हणावयासही भाषा उरणार नाही. अर्थशास्त्रज्ञ किंमत मोजतील आणि विधिज्ञ दस्त तपासतील. शब्द नोंदवून ठेवणे हे मात्र आपलेच काम आहे, आणि त्यासाठी उंद्रीचा ‘धुरा’ व कोकणचा ‘बांध’ एकाच पानावर, आपापल्या पूर्ण अर्थासह, शेजारी शेजारी मांडण्यापासून आरंभ करता येईल.